मुलांसह वाळवंटात : जोशुआ ट्री उद्यानातील पायवाटांची निवड

राष्ट्रीय उद्यानांतील पायवाटांची माहिती देणाऱ्या पत्रकांत प्रत्येक वाटेपुढे बहुधा तीन गोष्टी छापलेल्या असतात : वाटेची लांबी, एकूण चढ आणि ‘सोपी’, ‘मध्यम’ किंवा ‘अवघड’ असा एक शेरा. दाट झाडीच्या डोंगराळ प्रदेशात एवढ्या माहितीवरून कुटुंबासाठी वाट निवडता येते, कारण तेथे दमणूक मुख्यतः अंतराने आणि चढाने होते. वाळवंटात हा हिशेब फसतो. तीन किलोमीटरची सपाट वाट हिवाळ्यातील सकाळी सहा वर्षांचे मूल हसतखेळत पार करते, आणि तीच वाट जूनमधील दुपारी धडधाकट प्रौढालाही आजारी पाडू शकते. पत्रकातील शेरा मात्र दोन्ही वेळी ‘सोपी’ हाच असतो. म्हणून मुलांना आणि वृद्धांना बरोबर घेऊन वाळवंटात चालायचे असेल, तर वाट किती लांब आहे यापेक्षा ती कोणत्या वेळी चालायची आहे, तिच्यावर सावली कोठे मिळते, चढ जाताना लागतो की परतताना, आणि मध्येच मागे फिरायचे ठरले तर ते कितपत सोपे आहे, हे आधी पाहावे लागते.

दक्षिण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून या निवडीचा विचार चांगला करता येतो. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे जैसलमेरजवळच्या वाळवंट राष्ट्रीय उद्यानाएवढेच, आहे आणि अलीकडच्या काळात तेथे वर्षाला सुमारे तीस लाख लोक येतात. लॉस एंजेलिस, ऑरेंज काउंटी आणि सॅन डिएगो या परिसरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीनेही हे ठिकाण एका दिवसाच्या किंवा शनिवार-रविवारच्या सहलीच्या टप्प्यात येते. आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा सोबत असल्याने अशी सहल पुष्कळदा तीन पिढ्यांची होते. सह्याद्रीत गडकिल्ले चढलेल्या माणसाला येथील वाटा प्रथमदर्शनी किरकोळ वाटतात. परंतु सह्याद्रीतील वाटेवर पायथ्याशी गाव असते, गावात विहीर असते आणि बहुतेक गडांवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी असतात; जोशुआ ट्रीच्या वाटांवर यांपैकी काहीच नसते, हा फरक चढाच्या आकड्यात दिसत नाही.

या उद्यानात खरे तर दोन वाळवंटे एकमेकांना भेटतात. पश्चिमेकडील उंच भाग मोहावे वाळवंटाचा असून तो साधारणपणे ९०० मीटरच्या वर आहे, तर पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील सखल भाग कोलोरॅडो वाळवंटाचा, म्हणजे मेक्सिकोपर्यंत पसरलेल्या विशाल सोनोरा वाळवंटाच्या एका शाखेचा आहे. उद्यानातील सर्वांत सखल जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १६० मीटरवर आणि सर्वोच्च शिखर सुमारे १,७७० मीटरवर असल्याने एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन भागांतील तापमानात बराच फरक आढळतो. कुटुंबाच्या दृष्टीने याचा उपयोग सरळ आहे : डिसेंबर-जानेवारीत वर बोचरा वारा सुटलेला असताना दक्षिणेकडील कॉटनवुडच्या परिसरात चालणे सुखाचे होते, आणि एप्रिलच्या अखेरीस खाली तापू लागल्यावर वरचा खडकाळ भाग निवडावा.

हे उद्यान अस्तित्वात आले त्याचे श्रेय मुख्यतः पॅसाडेना येथील मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट या बाईंना दिले जाते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लॉस एंजेलिसमधील बागा सजवण्यासाठी वाळवंटातील निवडुंग आणि इतर वनस्पती गाड्या भरभरून उपटून नेल्या जात होत्या. स्वतः बागकामाची आवड असलेल्या हॉइटबाईंनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, मोठ्या शहरांत वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शने भरवली आणि अखेर १० ऑगस्ट १९३६ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. खाणधंद्याच्या दबावामुळे १९५० मध्ये त्याचे क्षेत्र बरेच घटवण्यात आले. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायद्याने ते पुन्हा वाढवून त्याला राष्ट्रीय उद्यान केले. जुन्या खाणींची उघडी तोंडे आजही अनेक वाटांच्या आसपास आढळतात, आणि मुलांना त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक असले तरी त्यांत डोकावू देणेही धोक्याचे आहे, कारण आतील लाकडी आधार कुजलेले असतात आणि कोठे खोल उभा खड्डा असेल ते अंधारात कळत नाही.

निवडीतील पहिला आणि सर्वांत वजनदार प्रश्न ऋतूचा आणि वेळेचा आहे. वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत येथील कमाल तापमान सरासरी २९ अंश सेल्सिअस आणि किमान १० अंशांच्या आसपास असते. हिवाळ्यात दिवसा १५ अंश आणि रात्री गोठणबिंदूपर्यंत थंडी असते. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि रात्रीही २४ अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भातील, वाचकाला ३८ अंशांचे भय वाटणार नाही. तथापि विदर्भातला माणूस मे महिन्यात दुपारी बाराला तीन किलोमीटर उघड्या खडकावर मुलांना घेऊन फिरायला निघत नाही, आणि सहलीला आलेली माणसे नेमके तेच करतात, कारण त्यांनी हॉटेल आधीच आरक्षित केलेले असते आणि दिवस मोजके असतात.

मुलांच्या शरीराची रचना या उष्म्यात प्रौढांपेक्षा अधिक अडचणीची ठरते. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्र जास्त असते; त्यामुळे हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा वाढले की त्यांचे शरीर बाहेरची उष्णता अधिक वेगाने शोषून घेते, आणि त्यांना घाम मात्र मोठ्यांपेक्षा कमी येतो. शिवाय ती उंचीने लहान असल्यामुळे तापलेल्या जमिनीच्या अधिक जवळ असतात. येथील हवेत दमटपणा बहुधा २५ टक्क्यांहून कमी असल्याने घाम त्वचेवर दिसण्यापूर्वीच उडून जातो, आणि मुंबईच्या हवेत वाढलेल्या माणसाची ‘घाम आला की पाणी प्यावे’ ही सवय येथे निरुपयोगी होते, कारण घाम आल्याचे कळतच नाही. म्हणून मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी देणे, आणि नुसत्या पाण्याबरोबर काही खारे खायला देणे, हा नियम पाळावा लागतो. घामाबरोबर शरीरातले मीठही जाते आणि केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण घटून मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसू शकतात. या कामाला घरचा चिवडा आणि खारे शेंगदाणे दुकानातल्या कोणत्याही महागड्या पदार्थाइतकेच चांगले.

पाण्याचा हिशेब घरूनच करावा लागतो. उद्यान प्रशासनाच्या सूचनेनुसार माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरहून थोडे अधिक, पाणी जवळ असावे आणि उष्म्यात अधिक चालायचे असल्यास ते दुप्पट असावे. पिण्याचे पाणी प्रवेशद्वारांजवळच्या आणि सीमेवरच्या मोजक्या ठिकाणी मिळते. आतल्या भागात, जेथे बहुतेक लोकप्रिय वाटा आहेत, तेथे नळ नाही, दुकान नाही आणि उपाहारगृहही नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला वीस लिटर पाणी गाडीत घेऊन निघावे लागेल, ही गोष्ट लहान वाटते. पण वाटेची निवड तिच्यावरच अवलंबून असते, कारण गाडीतले पाणी पाठीवर घेऊन चालायचे असते आणि पाच वर्षांचे मूल स्वतःच्या वाट्याचे पाणी वाहून नेत नाही. एका प्रौढाला दोन मुलांचे आणि स्वतःचे पाणी सांभाळून जेवढे चालता येईल, तेवढीच त्या कुटुंबाची खरी मजल समजावी.

यानंतर वाटेच्या आकाराचा विचार येतो, आणि तो पत्रकांत सहसा कोणी समजावून सांगत नाही. रायन माउंटन आणि फॉर्टीनाइन पाम्स या दोन वाटा कागदावर सारख्याच लांबीच्या, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे पावणेपाच किलोमीटरच्या आहेत. पहिलीचा चढ सुमारे ३२० मीटर आहे, दुसरीचा एका बाजूने सुमारे ९० मीटर. आकडे पाहता मुलांसाठी दुसरी वाट निवडणे शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात रायन माउंटनची वाट सुरुवातीपासून शिखरापर्यंत चढत जाते. मूल थकले, वारा वाढला किंवा ऊन चढले की जेथे असेल तेथून मागे फिरता येते आणि परतीची सगळी वाट उताराची असते. फॉर्टीनाइन पाम्सची वाट आधी एका कड्यावर चढते आणि मग पलीकडे मरूद्यानात, म्हणजे भूजल पृष्ठभागाजवळ येऊन जेथे ताडांची झाडी वाढते अशा जागी, उतरते. तेथे सावलीत बसून मुले सुखावतात, घरून आणलेले पाणी बहुतेक संपते, आणि मग दिवसाच्या अधिक तापलेल्या वेळी, सावलीविना, पुन्हा चढायचे उरते. कॉटनवुडपासून निघणारी बारा किलोमीटरची लॉस्ट पाम्स ही वाट याच प्रकारची आणि तिपटीने कठोर आहे. ती लहान मुलांसाठी नव्हेच. याचा अर्थ रायन माउंटन सर्वांनी चढावे असा नाही, कारण त्या वाटेवरही सावली नाही. पण दहा-बारा वर्षांच्या, चालण्याची सवय असलेल्या मुलांसाठी नोव्हेंबर ते मार्च या काळातील सकाळी ती अधिक सुरक्षित निवड आहे, आणि फॉर्टीनाइन पाम्सला ‘मध्यम’ म्हणून हलके लेखणे चूक आहे. शिवाय अलीकडील काही उन्हाळ्यांत बिगहॉर्न या रानमेंढ्यांना पाण्यापर्यंत निर्वेधपणे येता यावे म्हणून ही वाट बंद ठेवण्यात आली होती, त्यामुळे निघण्यापूर्वी ती खुली आहे की नाही हे पाहावे लागते.

लहान मुलांच्या कुटुंबांसाठी या उद्यानाचे खरे धन त्याच्या मध्यभागी असलेल्या छोट्या फेरवाटांत, म्हणजे जेथून निघाले तेथेच आणून सोडणाऱ्या वाटांत आहे. त्यांपैकी हिडन व्हॅली ही दीड किलोमीटरहून थोडी लांब वाट सर्वांत परिपूर्ण म्हणावी लागेल. चारही बाजूंनी खडकांच्या भिंतींनी वेढलेल्या एका वाटोळ्या खोलगट जागेत एका अरुंद फटीतून प्रवेश होतो. एकोणिसाव्या शतकात चोरलेली गुरे लपवण्यासाठी तिचा उपयोग होत असे, अशी आख्यायिका आहे, आणि ती खरी असो वा नसो, आठ वर्षांच्या मुलाला चालते ठेवण्यास ती पुरेशी आहे. या वाटेचा व्यावहारिक गुण असा की सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर खडकांच्या भिंती काही भागांत दाट सावली देतात, आणि वाट गोल असून बंदिस्त जागेत असल्याने भरकटण्याचा संभव कमी राहतो.

हे खडक कसे घडले हे माहीत असेल तर वाट अधिक रंजक होते. भूगर्भातील तप्त शिलारस दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वर सरकत येऊन पृष्ठभागाखालीच थिजला आणि त्याचा मॉन्झोग्रॅनाइट नावाचा, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक झाला. थंड होताना आणि वरचा भार कमी होत जाताना त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या. हवामान आजच्यापेक्षा ओलसर असताना त्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने ठोकळ्यांच्या कडा आणि कोपरे झिजवून त्यांना गोलाई दिली. आणि पुढे प्रदेश कोरडा पडल्यावर अचानक येणाऱ्या पुरांनी वरची माती वाहून नेली, तेव्हा ते गोलाकार धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे उघडे पडले. स्कल रॉक या ठिकाणी एका धोंड्यावरच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचून साचून ते खळगे मोठे होत गेले आणि कवटीच्या डोळ्यांच्या खाचांसारखे दिसू लागले. तो धोंडा रस्त्यालगतच असल्याने अनेक जण गाडीतून उतरून छायाचित्र काढून निघून जातात. त्याच्याभोवतीची पावणेतीन किलोमीटरची फेरवाट मात्र त्यामानाने मोकळी असते. सव्वादोन किलोमीटरची आर्च रॉकची वाटही याच तऱ्हेच्या खडकांतून एका नैसर्गिक कमानीपर्यंत जाते.

या खडकांचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने बुटांची पकड चांगली बसते आणि मुले पाहता पाहता वर चढून जातात. धोका चढण्यात नसून उतरण्यात आहे. चढताना पाय ठेवायच्या जागा डोळ्यांसमोर असतात, उतरताना त्या दिसत नाहीत. चार मीटर उंचीवर रडत बसलेले मूल आणि खाली हात पसरून उभा असलेला बाप हे दृश्य येथे दुर्मीळ नाही. ‘जेथून स्वतः उतरता येईल तेवढेच चढायचे’ हा नियम गाडीतून उतरण्यापूर्वीच सांगितलेला बरा, आणि तो मोठ्यांनाही लागू आहे.

बार्कर डॅमची सुमारे पावणेदोन किलोमीटरची फेरवाट वेगळ्या कारणासाठी निवडावी. १९०० च्या सुमारास गुरांना पाणी मिळावे म्हणून बार्कर आणि इतर पशुपालकांनी दोन खडकांमध्ये बांधलेला हा छोटा बांध पुढे विल्यम कीज या शेतकरी-खाणकामगाराने १९४९-५० मध्ये अधिक उंच केला. कीज आणि त्यांच्या पत्नीने याच वैराण प्रदेशात अनेक दशके संसार केला, मुले वाढवली, फळझाडे लावली. त्यांचे घर आणि वाडी आता केवळ मार्गदर्शकासह पाहता येते. बांधामागचे तळे पावसावर अवलंबून असून वर्षातील बराच काळ कोरडे पडते, त्यामुळे ‘तलाव पाहायला जाऊ’ असे मुलांना आश्वासन देऊन नेणे धाडसाचे होईल. हिवाळी पाऊस चांगला झाला असेल तर मात्र तेथे पाणी, पक्षी आणि दैवयोगाने रानमेंढ्याही दिसतात. वाटेवर एका खडकाच्या पोकळीत मूळ रहिवाशांनी कोरलेली प्राचीन चिन्हे आहेत. त्यांतील काहींवर मागाहून रंगाच्या रेषा ओढल्या गेल्या असून हे काम एका चित्रपटाच्या चमूचे असल्याचे सांगितले जाते. मुलांना अशा ठिकाणी हात न लावण्याचे कारण समजावून सांगायला यापेक्षा ठळक उदाहरण मिळणार नाही.

ज्या वनस्पतीवरून उद्यान ओळखले जाते ती जोशुआ ट्री पाहण्यासाठी लांब चालण्याची गरज नाही. कॅप रॉक येथील साडेसहाशे मीटरची सपाट वाट त्यासाठी पुरेशी असून ती चाकांच्या खुर्चीसाठी आणि बाबागाडीसाठीही योग्य आहे. रूढ अर्थाने जोशुआ ट्री हा वृक्ष नव्हेच. ती युक्का प्रजातीतील वनस्पती शतावरीच्या व्यापक कुटुंबात मोडते, आणि तिच्या खोडात वार्षिक वलये नसल्याने तिचे वय उंचीवरून अदमासानेच ठरवावे लागते. तिची वाढ वर्षाला काही सेंटिमीटरच होते. तिच्या परागीभवनाची व्यवस्था चमत्कारिक आहे : युक्का पतंगाची मादी तोंडाजवळच्या खास अवयवांनी परागकण गोळा करते, दुसऱ्या फुलात जाऊन अंडी घालते आणि तेथे तो पराग स्वतः नेऊन पोचवते, अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या बियांतून पुढची पिढी उगवते, आणि या पतंगाविना ना फळ धरते ना पतंगाची अळी जगते. हिमयुगात येथे वावरणारा शास्ता नावाचा अस्वलाएवढा भूचर स्लॉथ हीच फळे खात असे, हे नेव्हाडातील एका गुहेत सापडलेल्या त्याच्या वाळलेल्या विष्ठेवरून कळले आहे. शेणावरून प्राण्याचे जेवण ओळखतात, ही माहिती मुलांच्या लक्षात कायमची राहते असा सर्वत्र अनुभव आहे.

सर्वांत लहान असूनही सर्वाधिक सावधगिरी मागणारी वाट चोला कॅक्टस गार्डनची आहे. मोहावे आणि कोलोरॅडो वाळवंटांच्या संक्रमण पट्ट्यात असलेली ही चारशे मीटरची सपाट फेरी सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात फार देखणी दिसते, कारण टेडी बेअर चोला या निवडुंगाचे काटे दुरून मऊ लोकरीसारखे भासतात. जवळून ते अतिशय बारीक आणि उलट्या दातेऱ्यांचे असतात. किंचित स्पर्श होताच निवडुंगाचा गोळाच तुटून कातडीला चिकटतो आणि बोटांनी काढू गेल्यास तो बोटांना चिकटतो. उपाय साधा आहे : कंगवा काट्यांखाली सरकवून गोळा झटक्यात दूर उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. म्हणून या वाटेवर कंगवा आणि चिमटा खिशात असावा, पायांत बंद बूट असावेत, आणि नुकतेच चालू लागलेले मूल मोकळे न सोडता कडेवर घ्यावे. दोन ते चार वर्षांची चपळ मुले असतील तर ही वाट सरळ वगळावी. ‘पाव मैल, सपाट, सोपी’ या वर्णनाने फसवणाऱ्या वाटांत तिचा क्रमांक पहिला लागेल.

वृद्धांसाठी कॅप रॉकखेरीज आणखी तीन चांगली ठिकाणे आहेत. कीज व्ह्यू हे सुमारे १,५८० मीटर उंचीवरचे दर्शनस्थळ गाडीने गाठता येते. तेथून खाली कोचेला खोरे, समुद्रसपाटीहूनही खोल असलेला सॉल्टन सी हा खारा जलाशय, समोर सॅन हसिंटोचे शिखर आणि खोऱ्यातून जाणारी सॅन अँड्रियास या प्रसिद्ध भूभ्रंशाची रेषा दिसते. ट्वेंटीनाइन पाम्स गावालगतचे मारा मरूद्यान आठशे मीटरच्या सपाट वाटेने पाहता येते. पिंटो माउंटन भ्रंशामुळे अडलेले भूजल तेथे वर येते आणि त्यावर कॅलिफोर्नियाचा एकमेव देशी ताड वाढतो. सेरानो आणि नंतर चेमेह्युएवी या मूळ रहिवाशांची येथे वस्ती होती. दक्षिण प्रवेशद्वाराजवळची बजाडा वाटही चाकांच्या खुर्चीला अनुकूल आहे. तीन पिढ्यांच्या कुटुंबाने सगळ्यांना एकाच वाटेवर ओढण्यापेक्षा हिडन व्हॅलीच्या सुरुवातीच्या सावलीत आजी-आजोबांनी पाणी आणि खुर्ची घेऊन बसावे व बाकीच्यांनी फेरी पुरी करावी, अशी वाटणी अधिक आनंदाची होते.

उद्यानाच्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि या एका गोष्टीमुळे अनेक निर्णय आधीच घ्यावे लागतात. नकाशा घरी असतानाच फोनमध्ये उतरवून घ्यावा किंवा कागदी नकाशा जवळ ठेवावा, आणि परतण्याची वेळ मागे राहिलेल्या कोणाला तरी सांगून निघावे. भरकटण्याचे नेहमीचे कारण कोरडे ओढे हे आहे : वाळूने भरलेला, पाऊलखुणांनी तुडवलेला ओढ्याचा पट्टा मळलेल्या वाटेसारखाच दिसतो आणि मुले हटकून त्याच्याकडे वळतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये दूरवर कोसळलेल्या पावसाचे पाणी अशाच ओढ्यांतून अकस्मात लोंढ्याने येते, म्हणून ढग दिसताच ओढ्याचे पात्र सोडावे. वाट सोडून चालू नये याला आणखी एक कारण आहे; जमिनीवरचा काळसर खडबडीत थर नीलहरित जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांच्या सहवासाने घडलेला असतो, तो मातीची धूप थांबवतो, आणि एका पावलाने मोडलेला थर पुन्हा जमायला दशके लागू शकतात. रस्त्यावर किंवा वाटेवर वाळवंटी कासव दिसले तर ते उचलू नये. घाबरलेले कासव मूत्र सोडते आणि त्याबरोबर महिनोन्‌महिने साठवलेले पाणी गमावून बसते.

मुलांना चालते ठेवण्यासाठी ज्युनियर रेंजर हा कार्यक्रम पालकांच्या चांगला उपयोगी पडतो. प्रवेशाजवळील माहिती केंद्रात मिळणाऱ्या विनामूल्य पुस्तिकेतील निरीक्षणाची कामे पुरी केली की रेंजर मुलांकडून छोटी शपथ म्हणवून घेतो आणि बिल्ला देतो. ही पुस्तिका सकाळी आधी घ्यावी आणि मग वाटेला लागावे. गर्दीच्या दिवसांत हिडन व्हॅली आणि बार्कर डॅम येथील वाहनतळ सकाळी लवकरच भरतात, आणि जागा शोधत फिरण्यात थंड वेळ निघून जातो, ही हानी पैशांत मोजण्यासारखी नाही. त्यामुळे पहिली वाट सूर्योदयाच्या सुमारास, दुपारचा काळ गाडीतून कीज व्ह्यूसाठी किंवा गावात जेवणासाठी, आणि दुसरी छोटी वाट सूर्य कलल्यावर, हा क्रम ठेवावा. दिवसाला दोन छोट्या वाटा पुरेत. तिसरी वाट मुले नव्हे, पालक मागतात. रात्री थांबणे शक्य असेल तर तेही करावे, कारण २०१७ मध्ये या उद्यानाला आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम प्रकाशापासून जपलेल्या आकाशाचे उद्यान, हा दर्जा मिळाला आणि चांदण्या पाहायला एक पाऊलही चालावे लागत नाही.

शाळेच्या सुट्टीमुळे जून ते ऑगस्टमध्येच येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की त्या महिन्यांत मुलांसह येथील पायवाटांवर चालू नये; फार तर पहाटेच्या पहिल्या तासात कॅप रॉकची फेरी मारावी. चालण्याची हौस असेलच तर कीज व्ह्यूवरून समोर दिसणाऱ्या सॅन हसिंटोच्या डोंगरावर जाणे बरे. पाम स्प्रिंग्ज शहराजवळून निघणारी, १९६३ मध्ये सुरू झालेली तारेवरची पाळणागाडी सुमारे २,६०० मीटर उंचीवर नेऊन सोडते. तेथे पाइन वृक्षांच्या सावलीत मुलांना चालता येतील अशा छोट्या फेरवाटा आहेत, आणि खालचे खोरे भाजून निघत असताना वर संध्याकाळी मुलांना स्वेटर लागतो.